चौथ्या मजल्यावरची जर्मनी

माणूस परदेशात गेला की आपोआप परका होतो, असा एक गैरसमज समाजात पसरलेला आहे. तसं नसतं. परकेपणा अंगी बाणवावा लागतो. मोठ्या माणसाला तो पंधरवड्यात साधतो, कारण त्याला मुळातच आवड असते. अडचण आहे ती लहान पोरांची. सहा वर्षांचं पोर जगाच्या पाठीवर कुठंही नेऊन ठेवा, तिसऱ्या दिवशी ते समोरच्यांच्या घरात बसून जेवत असतं. असलं पोर बरोबर घेऊन परदेशात अकरा महिन्यांचं बिऱ्हाड थाटणं धोक्याचं आहे.

हा धोका ओळखून आपल्या शहरात, बीड बायपासच्या आतल्या अंगाला, ‘परदेश-बिऱ्हाड पूर्वसराव केंद्र’ सुरू झालं (मान्यता: अर्ज केलेला आहे). केंद्राचे संचालक अभय सर हे जर्मनीत सलग नऊ दिवस राहून आलेले असल्यानं त्यांच्या शब्दाला वजन आहे. मी केंद्राचा निबंधक. त्याआधी एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळली. माझ्या टेबलावरून एकही कागद कधी गहाळ झाला नाही. (पुढंही गेला नाही, पण तो वेगळा विषय आहे.)

केंद्राची गरज आकड्यांवरून कळेल. वाळूजकडच्या एका कारखान्यानं एका वर्षात एकोणीस इंजिनियर बायकापोरांसह जर्मनीला पाठवले. त्यातली अकरा कुटुंबं मुदतीआधीच परत आली. कारणं: पोरं रुळली नाहीत म्हणून सात, बायको रडली म्हणून तीन (चौकशीअंती तिन्ही ठिकाणी नवरा रडला होता असं आढळलं), हिरव्या मिरचीपायी एक. तेव्हापासून कारखान्यानं ठरवलं की केंद्राचा ‘बालके रुळल्याचा दाखला’ असल्याशिवाय कुणालाही कुटुंबासह पाठवायचं नाही. दाखला हवा असेल तर चाळीस दिवस आमच्या जर्मनीत राहून दाखवायचं.

आमची जर्मनी म्हणजे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट क्रमांक ४०२. समोरचा ४०१ म्हणजे शेजार. तळमजल्यावर भारत लागतो. लिफ्टला विमान धरलेलं आहे. ती बंद असली की विमान उशिरा आहे असं समजावं. हवामानासाठी एसी सोळावर लावलेला असतो आणि पोरांना घरात स्वेटर-कानटोपी सक्तीची असते. मे महिन्यात लाइट गेली, की त्या दिवशी तिथं वसंत ऋतू आला अशी नोंद मी रजिस्टरला करतो. कचऱ्याला पाच रंगांचे पाच डबे आहेत. पाचही डबे खाली आल्यावर एकाच गाडीत ओतले जातात, पण ते भारतात घडतं, त्याला आमचा इलाज नाही. रिक्षावाल्यांना आता पत्ता सांगावा लागत नाही. ‘जर्मनी? बैठो,’ म्हणतात.

या प्रकरणातलं कुटुंब एक मे रोजी दाखल झालं. राजकुमार, वय छत्तीस, इंजिनियर. पत्नी सुलेखा. मुलगी निशा, वय सात. मुलगा प्रणय, वय साडेतीन. मूळ राहणार छावणी, म्हणजे केंद्रापासून रिक्षानं वीस मिनिटं.

पहिल्या दिवशीच त्यांचे पंधरा गुण गेले. राजकुमारनं हात धुवायला नळ सोडला. नळाला पाणी आलं. झालं! ‘अहो, पाणी आलं!’ अशी सुलेखानं हाक दिली आणि सगळं कुटुंब कामाला लागलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पाऊण तासात दोन बादल्या, एक पिंप, कुकर, कढई, डब्यांची उतरंड, फुलदाणी आणि कचऱ्याच्या पाचपैकी चार डब्यांत पाणी भरून झालं. प्रणय स्वतःच्या बुटात भरत होता. मी दारात उभं राहून शांतपणे सांगितलं, की जर्मनीत पाणी चोवीस तास असतं (आमच्या जर्मनीत ते टँकरनं येतं, पण असतं). राजकुमार म्हणाला, ‘बरोबर आहे काका, पण उद्याचं काय सांगता येतं?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळं पाणी शिळं झालं म्हणून ओतून दिलं आणि ताजं भरून ठेवलं.

आता शेजाराबद्दल. परदेशात शेजारी कसा असतो हे पुस्तकातून शिकवता येत नाही, म्हणून केंद्रानं ४०१ मध्ये चतुराबाईची नेमणूक केली होती. पद: शेजारी (परदेशी). कर्तव्यं: पोरं जिन्यात दिसली की दार लावून घेणं, आपण होऊन न बोलणं आणि आठवड्यातून दोनदा आवाजाबद्दल तक्रारीची चिठ्ठी ४०२ च्या दारावर चिकटवणं. चतुराबाई मूळची खुलताबादची. तिथं तिच्या दारावरून माणूस गेला तर कुठं चालला, कशाला चालला आणि येताना काय आणणार, एवढं विचारल्याशिवाय ती त्याला सोडत नसे. अशा बाईनं दोन वर्षं गप्प राहून दाखवलं. तिला निवडण्यात केंद्राची दूरदृष्टी दिसते.

सर्वांत महत्त्वाचा नियम चौदावा. त्याचा मजकूर तीनच शब्दांचा आहे: ‘आजी भारतात आहे.’ मग ती खरोखर कुठंही असो. पोरांनी आजीशी रविवारी वीस मिनिटं व्हिडिओवर बोलावं; इतर वेळी आजीचं नाव तोंडातून निघालं की एका उल्लेखाला एक गुण वजा. आठवडाभर एकही उल्लेख झाला नाही, की पोर रुळलं. मी म्हणतो, यापेक्षा सोपी मोजपट्टी कुणी दाखवावी.

आजींचं नाव गोजरबाई. राजकुमारची आई, वय पासष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका. तेहतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळून घरी आल्या, आणि घरी आल्यावर ही दोन सांभाळली. दोघंही पोरं त्यांच्याच हातानं जेवायची, त्यांच्याच कुशीत झोपायची. एक मेपासून छावणीतल्या घरात त्या एकट्या.

तिसऱ्या दिवशी त्या स्टीलचा डबा घेऊन केंद्रावर आल्या.

‘भाऊ, पोरं वर हायेत ना?’

‘पोरं जर्मनीत आहेत,’ मी म्हणालो.

‘व्हय, तेच. कितव्या मजल्यावर?’

मी त्यांना चौदावा नियम वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, ‘राजूला त्यो कागद मिळाया पाहिजे, नायतर पोराला एकट्याला जावं लागंल. मी नाय जात वर. एवढे धपाटे तेवढे द्या.’ परंतु घरगुती खाद्यपदार्थ सीमेवर जप्त होतात. मी ते जप्त केले आणि नियमानुसार नष्ट केले. (बरोबर दही नव्हतं, तरी चांगले लागले.)

जाता जाता त्यांनी विचारलं, ‘आजीचं नाव काढलं की मार्क कापता म्हणं?’

‘एका उल्लेखाला एक.’

‘मग तर नापासच व्हत्याल दोघं,’ असं म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंना एवढा अभिमान वाटलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

उल्लेखांची नोंद मी स्वतः ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात दोघांचे मिळून दिवसाला सरासरी एकतीस (जेवताना बारा, झोपताना पंधरा, पडल्यावर चार). दुसऱ्या आठवड्यात सतरा. तिसऱ्यात नऊ. चौथ्यात तीन. पाचव्यात एक, तोही प्रणय झोपेत बरळला, म्हणून संशयाचा फायदा देऊन सोडून दिला. सहाव्या आठवड्यात शून्य. हा आलेख अभय सरांनी आपल्या खोलीत फ्रेम करून लावला आहे.

गोजरबाई दर सोमवारी खाली येऊन आकडा विचारायच्या. आकडा गुप्त नसल्यानं मी सांगायचो. एकतीस सांगितला तेव्हा त्यांनी मला समोरच्या टपरीवर चहा पाजला. नऊ सांगितला तेव्हा बाकावर नुसत्या बसून राहिल्या. तीन सांगितला तेव्हा म्हणाल्या, ‘चांगलं हाय. राजूचं काम व्हतंय.’ आणि रिक्षा दिसत असताना पायीच निघाल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. (वाटू नये असा नियम नाही. मी तपासला.)

रविवारचा फोनही त्या खालच्या बाकावरूनच लावायच्या. छावणीतून चेहरा अडकत अडकत दिसतो, इथून स्वच्छ दिसतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा निशा फोनवर म्हणाली, ‘आजी, तुझ्या मागं पप्पांची गाडी उभी आहे.’ मी गुण कापायला पेन उघडलं. गोजरबाई म्हणाल्या, ‘तसली गाडी हितं छावणीत बी असती, बाई,’ आणि फोन छातीशी धरून भिंतीकडं फिरल्या. मी पेन बंद केलं.

दहा जूनला दाखला मिळाला. शेवटच्या आठवड्याचे शंभरपैकी शंभर. दाखल्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘हा दाखला पाल्य पुन्हा आजीचा उल्लेख करेपर्यंतच वैध राहील.’ पेढे वाटले. चौदा जूनला कारखान्याचं पत्र आलं, की तिकडची मागणी घटल्यानं जर्मनीचं काम बेमुदत पुढं ढकललं आहे, कुणीही जाऊ नये.

मी राजकुमारला म्हणालो, ‘वाईट झालं. पण घर काही लांब नाही. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा.’

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज आणून दिला. अर्जातला युक्तिवाद असा: पोरं जर्मनीत रुळली असल्याचा दाखला खुद्द केंद्रानंच दिलेला आहे. रुळलेल्या पोरांना एकाएकी भारतात नेलं तर त्यांच्या मनावर परिणाम होईल. सबब फ्लॅट ४०२ अकरा महिन्यांच्या करारानं आम्हालाच द्यावा.

सुलेखानं सुरुवातीला विरोध केला. माझ्यासमोरच म्हणाली, ‘अहो, आई एकट्या आहेत तिकडं. वीस मिनिटांवर बसून आपण हे काय चालवलंय?’

राजकुमार म्हणाला, ‘अगं, आपण भारतात असतो तर गेलो असतोच ना!’

यावर तिनं हिशोब मांडला. चाळीस दिवसांत एकही पाहुणा आला नव्हता. कुणाच्या लग्नाला जावं लागलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं सही केली.

ही बातमी शहरात पसरली आणि केंद्राचं भाग्य उजळलं. महिनाभरात चौसष्ट कुटुंबांचे अर्ज आले. त्यातल्या तिघांकडं पासपोर्ट होते. ‘कारण’ या रकान्यात चौसष्टही जणांनी ‘मुलांच्या भवितव्यासाठी’ असं लिहिलं होतं. ज्यांची आई त्याच कॉलनीत राहते त्यांच्यासाठी आम्ही तिसऱ्या मजल्यावर ऑस्ट्रेलिया काढली. अंतर जास्त पडतं.

गोजरबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. काम पुढं ढकललं एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. सोळा जूनला त्या दोन रिक्षा घेऊन दारात हजर. एक पोरांसाठी, एक सामानासाठी. मी अर्जाची प्रत दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. दुसऱ्या रिक्षाला जायला सांगितलं. मग पहिल्या रिक्षालाही.

‘मग भाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘मला तिकडं जायाला काय लागंल?’

‘व्हिसा.’

छापील नमुना होता. त्यांनी तो स्वच्छ अक्षरात भरला. पण व्हिसाचा जगभर चालणारा मुख्य प्रश्न असा, की हा माणूस परत येईल कशावरून? मायदेशी त्याला ओढणारं कोण आहे? गोजरबाईंनी त्या रकान्यात खरं उत्तर लिहिलं: ‘मायदेशी कुणीच नाही. सगळे जर्मनीत आहेत.’ असा अर्जदार एकदा वर गेला की उतरत नाही. मी अर्ज फेटाळला.

‘समदं माणूस तुमच्या जर्मनीत ठिवलं,’ गोजरबाई पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाल्या, ‘अन् मलाच इचारता, मागं कोण हाय म्हणून? लाज वाटती का जरा?’ त्या प्रश्नाला रकाना नसल्यानं मी उत्तर दिलं नाही.

त्याच आठवड्यात चतुराबाईनं राजीनामा दिला. ‘साहेब, तीन दिवस झाले, समोरून खमंग वास येतोय अन् काय केलं म्हणून इचारता येईना. माझ्या पोटात दुखायलंय. मी चालले खुलताबादला.’ पद रिकामं झालं. मी नोटीस लावली. एकच अर्ज आला.

मुलाखतीत मी गोजरबाईंना विचारलं, ‘पोरं समोर दिसली तरी बोलायचं नाही. जमेल?’

‘चाळीस दिस जमवलंच की.’

नियम काळजीपूर्वक वाचले. आजी भारतात असावी असं लिहिलं होतं; शेजारी कोण नसावी असं कुठंच लिहिलं नव्हतं. नेमणूक दिली. त्या आपली वळकटी घेऊन ४०१ मध्ये राहायला आल्या. संध्याकाळी राजकुमार जिन्यात समोर आला. ‘आई? तू इथं?’ गोजरबाईंनी कर्तव्य क्रमांक एकनुसार दार लावून घेतलं. पोरांनाही जिन्यात पाहिलं की त्या दार लावत. दार लावायला मात्र त्यांना चतुराबाईपेक्षा बराच जास्त वेळ लागे. (मी घड्याळ लावून पाहिलं. चतुराबाई दोन सेकंद, गोजरबाई चाळीस.)

तक्रारीच्या दोन चिठ्ठ्या ठरलेल्या होत्या. पहिली अशी: ‘४०२ यांस. चार दिवस झाले, पोरांचा आवाज येत नाही. फार त्रास होतो. शेजारी.’

आवाज न येण्याबद्दलच्या तक्रारीची तरतूद नव्हती, पण तक्रार न स्वीकारण्याचीही नव्हती. राजकुमारनं खाली ‘दखल घेतली’ असं लिहून सही केली. त्या रात्री तो जेवला नाही असं सुलेखाकडून समजलं.

दुसरी चिठ्ठी: ‘पोरं पोटभर जेवतात का? भिंतीतून कळत नाही. शेजारी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहणीला गेलो, तर या चिठ्ठीखाली पेन्सिलीनं मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘आजी, काल भेंडी होती. मी नाही खाल्ली. प्रणय रोज तुझ्या बाजूच्या भिंतीला कान लावतो. तू पण लाव.’

उल्लेख एक. लेखी. पुराव्यासह.

मी ताबडतोब चौकशी बसवली. निशाला विचारलं, की मागच्या कित्येक दिवसांत तू आजीचं नाव काढलं नाहीस, मग आज काय झालं? ती म्हणाली, ‘पप्पा म्हणाले होते मार्क जातात. मग आम्ही मनातल्या मनात म्हणायचो. प्रणयला मनात म्हणता येत नव्हतं, त्याला मी शिकवलं.’ मनातले उल्लेख मोजायची सोय केंद्राकडं नाही. नाहीतर तो फ्रेममधला आलेख कसा दिसला असता कोण जाणे. राजकुमार भिंतीकडं तोंड करून उभा होता.

दाखला रद्द झाला. दाखला रद्द म्हणून करार रद्द. करार रद्द म्हणून कुटुंब हद्दपार. केंद्राच्या इतिहासातली ही पहिलीच हद्दपारी. लिफ्ट बंद होती. पोरं विमानाची वाट न बघता जिन्यानं धावत सुटली. त्यांच्या पाठोपाठ गोजरबाई, राजीनामा न देता, नोटीस न देता, वळकटी तशीच वर टाकून! मी जिन्यावरून ओरडून सांगितलं, की असं अचानक पद सोडता येत नाही. त्या खालून म्हणाल्या, ‘कापा माझे मार्क!’

राजकुमारनं बॅगा उतरवता उतरवता विचारलं, ‘काका, अपील करता येतं का?’ मी म्हणालो, येतं, तीस दिवसांत. तीस दिवस होऊन गेले. अपील आलेलं नाही. मला मात्र छावणीहून एक स्टीलचा डबा आला. या वेळी दही होतं.

या प्रकरणातून धडा घेऊन नियम कडक केले आहेत. शेजारी पदासाठी आता नातवंडं नसल्याचं शपथपत्र लागतं. फ्लॅट ४०२ त्याच दिवशी दुपारी पुढच्या कुटुंबाला दिला. प्रतीक्षा यादी आजअखेर एकशे बाराची आहे. त्यामुळं हे वाचून कुणी लगेच अर्ज घेऊन धावत येऊ नये, गर्दी होते.

शिवाय तुम्हाला चाळीस दिवसांच्या सरावाची गरज आहे असं मला वाटतही नाही. ज्यांचा घरच्या घरी पुरेसा सराव झालेला आहे, त्यांना केंद्र पूर्वानुभवावर थेट दाखला देतं. अर्ज एका ओळीचा आहे. आईच्या हातचं शेवटचं कधी जेवलात, ती तारीख लिहायची. आठवत नसेल तर मोबाईलमधले फोटो चाळत बसू नका, आईला फोन करून तर मुळीच विचारू नका, तिला पाठ असते. रकाना कोरा सोडा. कोऱ्या रकान्याला पूर्ण गुण आहेत.